पकड सुटते कुठे? महाविद्यालयीन कबड्डीतील दुबळी बचावफळी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत चढाईपटूंची कधीच टंचाई नव्हती. वाळवा तालुक्यातील कासेगावचा काशिलिंग आडके २०१४ मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमध्ये दबंग दिल्लीकडून खेळला आणि त्याच्या चढाया घराघरांत पाहिल्या गेल्या. गावोगावच्या मंडळांत आजही दहा मुले जमली, तर त्यांतील आठ जणांना चढाईलाच जायचे असते. तथापि महाविद्यालयीन स्पर्धांत या भागातील संघ हरतात, तेव्हा बहुधा चढाईचे गुण कमी पडलेले नसतात. प्रतिस्पर्ध्याचा एक चांगला चढाईपटू येतो, दोघा-तिघांना घेऊन मध्यरेषा गाठतो, आणि पाहता पाहता संघावर लोण चढतो. हे पुन्हा पुन्हा का घडते, याचे उत्तर खेळाडूंच्या ताकदीत किंवा हिमतीत शोधले जाते. वस्तुतः ते मैदानाच्या मापांत, खेळाच्या नियमांत आणि महाविद्यालयाचा संघ ज्या पद्धतीने घडतो त्या पद्धतीत दडलेले आहे.

साताऱ्याचा वारसा

कबड्डीला नियमांची चौकट देण्याच्या प्रारंभीच्या प्रयत्नांत साताऱ्याचे नाव आदराने घेतले जाते. १९२१ च्या सुमारास संजीवनी आणि गामिनी या दोन प्रकारांचा मेळ घालून साताऱ्यात हुतूतूचे नियम तयार झाले. १९२३ मध्ये समिती नेमून त्यांत सुधारणा करण्यात आल्या आणि त्याच वर्षी बडोद्यात झालेल्या अखिल भारतीय स्पर्धेत ते वापरले गेले. संजीवनीत बाद झालेला खेळाडू पुन्हा जिवंत होतो, तर गामिनीत बाद झालेला बाहेरच राहतो. आजच्या कबड्डीने संजीवनीचे तत्त्व स्वीकारले आहे आणि बचावाचे सारे गणित त्यावरच उभे आहे. एक पकड यशस्वी झाली, की प्रतिस्पर्ध्याचा चढाईपटू बाहेर जातो, एक गुण मिळतो आणि बाहेर बसलेला आपला एक खेळाडू आत येतो. म्हणजे पकड एकाच वेळी तीन कामे करते. पकड न होणाऱ्या संघाला ही तिन्ही गमवावी लागतात.

विद्यापीठीय स्तरावर हा खेळ १९६१ मध्ये समाविष्ट झाला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली आणि कोल्हापूर, सांगली व सातारा हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. प्रथम जिल्ह्याच्या विभागातील महाविद्यालयांची स्पर्धा, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि तेथून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, असा हा जिना आहे. जिन्याच्या पहिल्या पायऱ्या चांगल्या चढायांवर चढता येतात. वरच्या पायऱ्यांवर प्रत्येक संघाकडे चांगले चढाईपटू असतात आणि तेथे निर्णय पकडींवर होतो.

पावणेचार मीटरचा हिशेब

पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मध्यरेषेने त्याचे साडेसहा मीटरचे दोन भाग होतात. मध्यरेषेपासून निदानरेषा ३.७५ मीटरवर आणि तिच्यामागे आणखी एक मीटरवर बोनस रेषा असते. दोन्ही बाजूंची एकेक मीटरची राखीव क्षेत्रे झटापट सुरू होईपर्यंत खेळात नसतात. त्यामुळे बचावासाठी प्रत्यक्षात आठ मीटर रुंदीच मिळते.

चढाईपटू निदानरेषेपाशी पकडला गेला, असे समजा. त्याला मध्यरेषेपर्यंत पावणेचार मीटर जायचे आहे. परंतु मध्यम उंचीचा तरुण हात पुढे पसरून जमिनीवर झेपावला, तर पायाच्या टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत दोन मीटरहून अधिक अंतर तो अंगानेच व्यापतो. म्हणजे त्याला ओढत न्यावे लागणारे अंतर उरते जेमतेम दीड-पावणेदोन मीटर. मध्यरेषेला बोटाचे टोक लागले तरी पुरे. कोपरारक्षकाने घोटा घट्ट धरला, तरी धावत्या शरीराचा वेग तेवढे अंतर सहज कापतो. म्हणून एकट्याची पकड ही बहुतेक वेळा अर्धीच पकड असते. दुसरा खेळाडू मांडीला किंवा कमरेला येऊन मिळेपर्यंत ती पुरी होत नाही आणि त्याला पोहोचण्यास मिळतो तो अवघा क्षण. महिलांच्या १२ बाय ८ मीटरच्या मैदानात निदानरेषा तीन मीटरवरच असते, त्यामुळे तेथे हा क्षण आणखी लहान होतो.

पकड फसली तर भरावा लागणारा दंडही जबर आहे. झटापटीत ज्यांचा ज्यांचा चढाईपटूला स्पर्श झाला, ते सर्व तो मध्यरेषेला पोहोचताच बाद होतात. तिघांनी मिळून धरलेला गडी सुटला, तर एका चढाईत सातांचे चार उरतात. महाविद्यालयीन सामन्यांत दिसणारी पडझड बहुधा अशाच एका क्षणापासून सुरू होते.

साखळी नेमकी कोठे तुटते

बचावातील सात जणांची मांडणी ठरलेली असते. दोन टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या लगत आतल्या बाजूला एकेक, मग दोन मध्यरक्षक आणि मधोमध एक. शेजारच्या जोड्या हात धरून साखळी करतात. कोपऱ्याकडून पकडीची सुरुवात, मध्यरक्षकाकडून तिची पूर्तता, किंवा मध्यरक्षकाची धडक आणि कोपऱ्याचा आधार, अशा दोन मुख्य चाली आहेत. कोणती चाल केव्हा, हे बोलून ठरवण्याइतका वेळ मिळत नाही. हाताच्या दाबाने किंवा पावलाच्या हालचालीने ते कळावे लागते.

महाविद्यालयीन संघात पहिली खोट येथेच असते. संघाची निवड होते तेव्हा चढाईपटू मुबलक असतात, म्हणून चार-पाच चढाईपटू संघात येतात. ते चढाई करून परततात आणि बचावात मधल्या जागांवर उभे राहतात. म्हणजे साखळीचा मधला भाग ज्यांना पकडीचा सराव नाही अशांच्या हाती जातो. प्रतिस्पर्धी चढाईपटूला हे दोन चढायांतच उमगते. तो कोपऱ्यांच्या वाटेला न जाता मधल्यांना खेचून घेतो, त्यांना हात लावतो आणि परततो. कोपरारक्षक कितीही चांगला असला, तरी त्याच्याकडे कोणी फिरकलेच नाही तर तो काय करणार?

दुसरी खोट घाईची. नियमाप्रमाणे लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाही तर चढाईपटू बाद होतो. चढाईची मुदत ३० सेकंदांची. या नियमाने बचावाच्या हाती संयमाचे शस्त्र दिले आहे. पहिल्या दोन चढाया परतवल्या, की तिसऱ्या वेळी चढाईपटूला आत शिरावेच लागते. तरीही तरुण कोपरारक्षक पहिल्याच चढाईत, चढाईपटू निदानरेषाही ओलांडत नसताना, उडी घेतो. प्रेक्षकांच्या आरोळ्या आणि फलकावरची पिछाडी त्याला थांबू देत नाहीत. अशी पुढे येऊन केलेली पकड हुकली, की त्याच्यामागे आधाराला कोणीच नसते.

तिसरी खोट संख्या घटल्यावर उघडी पडते. सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटूला बोनसची मुभा असते. पाच झाले की ती जाते, परंतु साखळीत भगदाडे पडतात. तीन किंवा त्याहून कमी उरले आणि पकड झाली, तर अव्वल पकडीचा एक जादा गुण मिळतो. सात, पाच आणि तीन या तीन संख्यांना तीन वेगळ्या मांडण्या लागतात. महाविद्यालयांत सराव होतो तो बहुधा सातांचा. मग पाच उरल्यावर कोणी कोणाच्या शेजारी सरकायचे, हे सामन्यातच शोधावे लागते.

तालमीतले बळ आणि मैदानातली पकड

सातारा-सांगली हा कुस्तीचा मुलूख आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने हिंदकेसरी झाले. ज्या भागात पट काढणे आणि कमरेला मिठी घालणे मुले लहानपणापासून पाहतात, तेथे कबड्डीची पकड दुबळी का, असा प्रश्न साहजिकच पडतो.

याचे कारण दोन्ही खेळांतील वेळेच्या फरकात आहे. कुस्तीत डाव फसला तर दुसरा टाकता येतो आणि समोर एकच गडी असतो. कबड्डीची झटापट दोन-तीन श्वासांत संपते आणि धरणाऱ्याला आपल्या शेजाऱ्यांच्या हालचालीशी जुळवून घ्यावे लागते. कैचीसारखा पायांचा डाव तर कबड्डीत नियमबाह्य आहे. तोंड दाबून दम तोडणे, केस वा कपडे धरणे यांनाही मनाई आहे. त्यामुळे तालमीतून आलेला ताकदवान मुलगा पहिल्या वर्षी अनेकदा नियमभंगाने गुण देतो किंवा एकट्याच्या बळावर विसंबून साखळी सोडतो.

कुस्तीचे बळ साखळीच्या शिस्तीत बसवले तर काय होते, हे इराणने दाखवून दिले. १९९० पासून २०१४ पर्यंतच्या सातही आशियाई क्रीडा स्पर्धांत भारतीय पुरुष संघाने सुवर्णपदक जिंकले होते. २०१८ मध्ये जकार्ता येथे उपांत्य फेरीत इराणने भारताला २७-१८ असे हरवले. कुस्तीची मोठी परंपरा असलेल्या त्या देशाचा बचाव फजल अत्राचलीसारख्या कोपरारक्षकाभोवती बांधलेला होता. भारताचे नामवंत चढाईपटू त्या दिवशी ४० मिनिटांत १८ गुणांच्या पुढे सरकू शकले नाहीत. पकड ही उपजत देणगी नाही, ती शिकवता येते, हा त्या निकालाचा धडा होता.

गावची बक्षिसे, महाविद्यालयाचे वेळापत्रक

येथील मुले महाविद्यालयात येण्यापूर्वी यात्रा-जत्रांच्या आणि मंडळांच्या स्पर्धांत घडतात. त्यांतील बऱ्याच स्पर्धा वजनी गटाच्या असतात. हलक्या गटात सगळेच चपळ, त्यामुळे चढाईला बहर येतो. उत्कृष्ट चढाईपटूचे बक्षीस मोठ्या आवाजात पुकारले जाते. उत्कृष्ट पकडीचेही बक्षीस असते, पण गावभर चर्चा होते ती चढाईची. शिवाय पकडीत गुडघा, खांदा, बोटे दुखावण्याचा धोका मोठा. शेतीवर घर चालणाऱ्या मुलाला महिनाभर अंथरुणावर पडणे परवडत नाही. अशा स्थितीत हुशार मुलगा चढाईकडे वळला, तर त्याला दोष देता येणार नाही.

महाविद्यालयाचे वर्ष या तुटीत भर घालते. प्रवेश पावसाळ्यात होतात आणि विभागीय स्पर्धा त्यानंतर लवकरच सुरू होतात. सत्र परीक्षा मध्ये येतात. वेगवेगळ्या गावांतून आलेले, वेगवेगळ्या मंडळांत खेळलेले बारा जण एकत्र येतात. एकाच्या मंडळात कोपऱ्याने सुरुवात करण्याची रीत, तर दुसऱ्याच्या मंडळात मध्यरक्षकाच्या धडकेची. चढाईपटूला याने फारसा फरक पडत नाही. तो मैदानात एकटाच जातो आणि आपले कसब सोबत घेऊन येतो. बचावाचे कसब मात्र सात जणांत वाटलेले असते. पदवीच्या चक्रात दर वर्षी अनुभवी खेळाडू बाहेर पडतात आणि जुळलेल्या जोड्या मोडतात. नव्या जोड्या जुळेपर्यंत स्पर्धा संपलेली असते.

माती आणि मॅट

दोन्ही जिल्ह्यांचे हवामान एकसारखे नाही. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या पश्चिमेकडील तालुक्यांत पावसाळ्यात मैदाने चिखलाने भरतात. माण, खटाव, आटपाडी, जत या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात जमीन कोरडी आणि कठीण राहते. एकीकडे ऐन हंगामापूर्वी सराव बंद पडतो, तर दुसरीकडे कठीण जमिनीवर अंग टाकायला मुले कचरतात. पकडीचा सराव अंग टाकल्याखेरीज होत नाही, म्हणून त्याचा फटका चढाईपेक्षा बचावाला जास्त बसतो.

वरच्या स्पर्धा मॅटवर होतात आणि तेथे बूट घालून खेळले जाते. मातीत चढाईपटूचा पाय घसरतो, वळताना त्याचा वेग मंदावतो आणि घोटा पकडणाऱ्याला थोडी सवड मिळते. मॅटवर बुटाची पकड पक्की असल्याने तो जागच्या जागी वळतो. मातीतली सवय घेऊन आलेला कोपरारक्षक म्हणूनच नेहमी थोडा उशिरा पोहोचतो. उलट, धडक देऊन चढाईपटूला मैदानाबाहेर काढण्याची चाल मॅटवर अधिक परिणामकारक ठरते, कारण धडक देणाऱ्याच्याही पायाला आधार मिळतो. पण जी चाल कधी मॅटवर केलीच नाही, ती सामन्यात सुचत नाही. मॅट महाग आहे आणि प्रत्येक महाविद्यालयाला ती घेणे शक्य नाही. मात्र तालुका किंवा जिल्हा क्रीडा संकुलातील मॅट आसपासच्या महाविद्यालयांना स्पर्धेपूर्वीचे काही आठवडे आळीपाळीने मिळाली, तरी हे अंतर बरेच कमी होईल.

बचाव कसा बांधावा

उपाय अवघड नाहीत, पण त्यांना शिस्त लागते. पहिला उपाय निवडीचा. संघात तीन खरे चढाईपटू आणि चार खरे बचावपटू, म्हणजे दोन कोपरे व दोन मध्यरक्षक, हे प्रमाण आधी पक्के करावे. चौथा चढाईपटू कितीही आकर्षक वाटला, तरी त्याने मध्यरक्षकाची जागा अडवू नये.

दुसरा उपाय जोड्यांचा. डावा कोपरा व डावा मध्यरक्षक, तसेच उजवा कोपरा व उजवा मध्यरक्षक, या जोड्या वर्षाच्या आरंभी ठरवून शेवटपर्यंत मोडू नयेत. शक्य असेल तेथे दुसऱ्या वर्षाच्या खेळाडूशेजारी पहिल्या वर्षाचा खेळाडू ठेवावा. ज्येष्ठ खेळाडू पदवी घेऊन गेला, तरी अर्धी जोडी मागे उरते.

तिसरा उपाय घटलेल्या संख्येच्या सरावाचा. रोज किमान काही चढाया पाच आणि तीन बचावपटूंसमोर खेळवाव्यात. चौथा मोजणीचा. चढाईचे गुण सगळेच मोजतात. पकडीचे प्रयत्न किती झाले, त्यांतील किती यशस्वी ठरले, आणि फसलेले प्रयत्न कितव्या चढाईत झाले, हे वहीत नोंदले तर घाईचे दुखणे आकड्यांत दिसू लागते. एखादा कोपरारक्षक दहा प्रयत्नांत तीन पकडी करतो आणि दुसरा चार प्रयत्नांत तीन, तर पकडी सारख्या असूनही संघाला उपयोगी दुसरा असतो. पहिल्याने तीन गुण मिळवताना सात वेळा स्वतःला बाद करून घेतलेले असते.

प्रमाणपत्राचा प्रश्न

महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ स्पर्धेचा स्तर आणि तीत संघाने मिळवलेले स्थान यांवर अवलंबून असतो. कबड्डी हा सांघिक खेळ असल्याने हे स्थान बाराही जणांना एकदमच मिळते किंवा एकदमच हुकते. चमकदार चढाईपटूला प्रो कबड्डीचे, एखाद्या कंपनीच्या संघाचे किंवा दलाच्या संघाचे दार वेगळे ठोठावता येते. कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या मुलाकडे ही दारे क्वचितच असतात. त्याची भिस्त संघाच्या विजयावर असते, आणि तो विजय नेमका त्याच्याच पकडीवर ठरतो. ग्रामीण महाविद्यालयांतील अनेक मुलांसाठी उपांत्य फेरीतील एक सुटलेली पकड ही म्हणूनच केवळ क्रीडावृत्तातील ओळ राहत नाही.

निवडीच्या चाचण्यांत आजही मुलाला आधी चढाई करून दाखव असे सांगितले जाते. पकड करून दाखव, असे सांगायचे तर शेजारी जोडीदार लागतो, वेळ लागतो आणि पाहणाऱ्याची नजर लागते. सातारा-सांगलीच्या महाविद्यालयांनी चाचणीचा हा क्रम बदलला, तरी या भागाच्या बचावफळीचा निम्मा प्रश्न सुटलेला असेल.